पाऊचचा आतला थर : टिकाऊ अन्नासाठी सीलिंग फिल्मची निवड

फ्रिजबाहेर, घरातल्या साध्या फळीवर महिनोन्महिने टिकणाऱ्या अन्नाची पाकिटे आता लहान गावांतल्या किराणा दुकानांतही दिसतात. डाळ, पुलाव, आमरस, लोणचे, चिवडा, बाकरवडी असे स्वभावाने एकमेकांशी न जुळणारे पदार्थ तिथे जवळजवळ सारख्याच चकचकीत पाऊचमध्ये शेजारी शेजारी मांडलेले असतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या पाऊचची आतली घडण मात्र पदार्थागणिक वेगळी असते, निदान असायला हवी. तिच्यातला सर्वांत निर्णायक भाग म्हणजे अन्नाला टेकलेला आणि उष्णतेने वितळून स्वतःलाच चिकटणारा सर्वांत आतला थर. या थराला पॅकेजिंगच्या व्यवसायात ‘सीलंट’ म्हणतात. छपाई, चकाकी, जाडी आणि किलोचा भाव यांची चर्चा उत्पादक आणि विक्रेता यांच्यात भरपूर होते, परंतु सीलंट कोणता हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही, आणि पाऊच फुगण्याच्या, गळण्याच्या किंवा आतला माल खवट होण्याच्या अनेक तक्रारींचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नातच असते.

फिल्मची निवड फिल्मपासून सुरू होत नाही, ती पदार्थापासून सुरू होते. पदार्थाविषयी दोन गोष्टी आधी मोजून घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे सामू, म्हणजेच आम्लता दर्शवणारा अंक. हा अंक जितका कमी तितका पदार्थ अधिक आंबट. दुसरी गोष्ट म्हणजे जलसक्रियता, म्हणजे पदार्थातल्या एकूण पाण्यापैकी सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे मोकळे पाणी किती, हे शून्य ते एक या मापावर दाखवणारा अंक. सामू ४.६ पेक्षा जास्त आणि जलसक्रियता ०.८५ पेक्षा जास्त असेल, तर तो पदार्थ अन्नशास्त्राच्या दृष्टीने ‘अल्पाम्ल’ गटात मोडतो. वरण, उसळ, भात, पनीरची किंवा कोंबडीची रस्साभाजी हे सारे पदार्थ याच गटातले आहेत. आमरस, टोमॅटोची प्युरी आणि बहुतेक फळांचे गर ४.६ च्या खाली राहतात, तर चिवडा, शेव, चकली यांच्यात मोकळे पाणी इतके कमी असते की त्यांच्यात जिवाणू वाढूच शकत नाहीत आणि त्यांचा शत्रू निराळाच असतो. या तीन गटांसाठी लागणाऱ्या फिल्म एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

४.६ हा आकडा क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूमुळे आला आहे. हा जिवाणू मातीत सर्वत्र असतो, त्याला प्राणवायू नको असतो, आणि प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणूंच्या रूपात टिकून राहतो. हे बीजाणू तासन्‌तास उकळूनही मरत नाहीत. सामू ४.६ च्या वर असेल, ओलावा असेल आणि प्राणवायू नसेल, तर साध्या तापमानाला हे बीजाणू रुजतात आणि माणसाला माहीत असलेल्या सर्वांत तीव्र विषांपैकी एक विष तयार करतात. १२१ अंश सेल्सिअस तापमानाला या बीजाणूंची संख्या एक दशांशावर येण्यास सुमारे ०.२१ मिनिटे लागतात, आणि सुरक्षिततेसाठी अशा बारा घटी व्हाव्यात असा जगभर पाळला जाणारा दंडक असल्याने, पदार्थाच्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूला किमान अडीच ते तीन मिनिटे १२१ अंशांची उष्णता मिळावी लागते. प्रत्यक्षात कारखाने याहून जास्त प्रक्रिया करतात. इतके तापमान साध्या दाबाखाली उकळणाऱ्या पाण्यात मिळत नसल्यामुळे भरलेले आणि सील केलेले पाऊच दाबाखालच्या मोठ्या भांड्यात वाफेने किंवा अतितप्त पाण्याने शिजवले जातात. या भांड्याला रिटॉर्ट म्हणतात.

येथे सीलंटची पहिली कसोटी लागते. दूध, धान्य, फरसाण यांच्या पिशव्यांमध्ये सर्रास वापरले जाणारे कमी घनतेचे पॉलिएथिलिन १०५ ते ११५ अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणजे १२१ अंशांच्या रिटॉर्टमध्ये त्याचे सील उघडणार हे निश्चित असते. म्हणून रिटॉर्टच्या पाऊचमध्ये आतला थर कास्ट पॉलिप्रोपिलिनचा असतो. कास्ट म्हणजे ताण न देता ओतून तयार केलेली फिल्म. तिचा वितळणबिंदू प्रकारानुसार सुमारे १४० ते १६५ अंश असल्याने ती रिटॉर्ट सोसते आणि तरीही सीलिंग यंत्राच्या तापलेल्या जबड्याखाली वितळून जुळते. या पाऊचची रूढ रचना बाहेरून आत अशी असते : १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, ९ मायक्रॉनच्या आसपास ॲल्युमिनियमचा वर्ख, काही वेळा १५ मायक्रॉन नायलॉन, आणि शेवटी ७० ते ८० मायक्रॉन पॉलिप्रोपिलिन. पॉलिएस्टर सुमारे २५५ अंशांना वितळत असल्याने जबड्याला चिकटत नाही आणि त्याच्यावर छपाई होते. वर्ख हवा, वाफ आणि प्रकाश अडवतो. नायलॉन टोचण्यापासून आणि आपटण्यापासून वाचवते. सर्वांत आतल्या जाड थराकडे मात्र अन्न धरून ठेवण्याचे आणि पाऊच बंद ठेवण्याचे अशी दोन्ही कामे असतात.

अडथळा करणाऱ्या थरामुळे काय फरक पडतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जपानमधले आहे. ओत्सुका या कंपनीने फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘बोन करी’ या नावाने घरगुती ग्राहकांसाठी रिटॉर्ट केलेली करी बाजारात आणली, तेव्हा तिचा पाऊच अर्धपारदर्शक, वर्ख नसलेला होता; सील पक्के होते, निर्जंतुकीकरणही पुरे होते, तरीही फिल्ममधून सावकाश आत झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे करीची चव बिघडत असे आणि माल हिवाळ्यात तीन महिने तर उन्हाळ्यात दोनच महिने टिकत असे. पुढच्याच वर्षी पाऊचमध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख आला आणि टिकाऊपणाची मुदत दोन वर्षांवर गेली, त्यामुळे माल देशभर पाठवणे शक्य झाले. पदार्थ, कृती आणि उष्णता तीच राहून केवळ वेष्टन बदलल्याने मुदत इतकी पटींनी वाढल्याची अशी उदाहरणे थोडीच आहेत. त्याच सुमारास अमेरिकेत नॅटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत सैनिकांच्या टिनच्या डब्यांना पर्याय म्हणून लवचीक पाऊचवर काम चालू होते, आणि भारतात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी विकसित केलेले हे तंत्र पुढे खासगी उद्योगांना दिले. ‘रेडी टु ईट’ या नावाने आज ओळखले जाणारे भारतीय पाऊच बऱ्याच अंशी त्या कामातून आले आहेत.

सील म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहण्याजोगे आहे. दोन तापलेल्या जबड्यांमध्ये पाऊचचे तोंड दाबले जाते, तेव्हा उष्णता बाहेरच्या पॉलिएस्टरमधून वर्खात आणि वर्खातून आतल्या थरात पोहोचते. समोरासमोरचे दोन्ही आतले थर मऊ होतात, त्यांच्यातले लांबलचक रेणू सीमारेषा ओलांडून एकमेकांत गुंततात, आणि थंड झाल्यावर दोन थरांचा एकच थर झालेला असतो. या क्रियेत तापमान, दाब आणि वेळ ही तीन मापे एकमेकांवर अवलंबून असतात. जबड्यांचे तापमान कमी पडले, तर सील वरवर चिकटलेले दिसते, पण बोटांनी ओढताच सालीसारखे सुटते. ते जास्त झाले, तर आतला थर दाबाने बाजूला पिळला जाऊन कडेला पातळ होतो आणि सील नव्हे, तर सीलच्या आतल्या कडेला फिल्मच फाटते. चांगल्या सीलची पट्टी कापून ओढली असता ती सीलवर सुटत नाही, सीलशेजारची फिल्म ताणते किंवा तुटते. प्रयोगशाळेत हेच काम १५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर यंत्राने केले जाते. जपानी नियमांत रिटॉर्ट पाऊचच्या सीलसाठी या रुंदीला किमान २३ न्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो वजनाच्या ओढीइतके बळ अपेक्षित आहे.

सीलचा सर्वांत मोठा वैरी मात्र तापमान नसून भरताना तोंडाला लागलेला रस्सा असतो. तेलाचा पातळ थर, भाताचे एक शीत, कोथिंबिरीचे एक पान किंवा हळदीची चिमूट दोन थरांच्या मध्ये अडकली, तर त्या जागी रेणू एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत आणि बाहेरून पूर्ण बंद दिसणाऱ्या सीलमधून केसाएवढी वाट शिल्लक राहते. रिटॉर्टमध्ये थंड होताना पाऊचच्या आत ओढ निर्माण होते, आणि तीच ओढ या वाटेने बाहेरचे पाणी, त्यासोबत जिवाणू, आत घेऊ शकते. म्हणून भरण्याच्या नळीची ठेवण, तोंड कोरडे राहील इतकी मोकळी जागा आणि आठ ते दहा मिलिमीटर रुंदीचे सील यांना यंत्राच्या वेगापेक्षा जास्त महत्त्व द्यावे लागते. याच कारणाने रिटॉर्टमध्ये बाहेरून जादा हवेचा दाबही दिला जातो, कारण आत उरलेली हवा आणि वाफ तापून फुगते आणि मऊ झालेल्या सीलला आतून ताणते.

लहान उत्पादकांच्या संदर्भात येथे एका धोक्याविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. बचत गट आणि घरगुती उद्योग यांच्यापर्यंत व्हॅक्यूम पॅकिंगची यंत्रे आता स्वस्तात पोहोचली आहेत, आणि हवा काढून घेतली की पदार्थ टिकतो असा समज त्यांच्यासोबत पसरला आहे. कोरड्या पदार्थाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, कारण तेथे हवा हाच खवटपणाचा कारक असतो. परंतु शिजवलेली उसळ, पुरण किंवा भाजी नायलॉन-पॉलिएथिलिनच्या पिशवीत भरून, हवा काढून, उकळत्या पाण्यात ठेवून फ्रिजबाहेर विकणे अतिशय घातक आहे. उकळण्याने इतर जिवाणू मरतात, बोटुलिनमचे बीजाणू जगतात, आणि व्हॅक्यूममुळे त्यांना हवी तशी प्राणवायूरहित जागा आयती मिळते. विष तयार झालेले अन्न दिसायला आणि वासाला पुष्कळदा बिघडलेले वाटतही नाही. अशा पदार्थासाठी रिटॉर्ट, फ्रिज किंवा खोल गोठवण हे तीनच मार्ग आहेत. सीलंट कितीही भारी घेतला तरी त्याने चौथा मार्ग तयार होत नाही.

फळांच्या गराची गोष्ट याहून सौम्य आहे. रत्नागिरी आणि देवगड परिसरातला हापूसचा रस आंबट गटात मोडतो, त्यामुळे त्याला १२१ अंशांची गरज नसते. ८५ ते ९५ अंशांना तापवून गरमच भरणे, तोंड बंद करणे आणि मग लवकर थंड करणे एवढ्याने यीस्ट, बुरशी आणि आम्लात वाढणारे जिवाणू आटोक्यात येतात. येथे पॉलिएथिलिनचा आतला थर चालू शकतो, विशेषतः रेषीय कमी घनतेचे पॉलिएथिलिन, कारण ते सुमारे १२० अंशांपर्यंत टिकते आणि गरम असतानाही सील धरून ठेवते. या गुणाला व्यवसायात ‘हॉट टॅक’ म्हणतात. फिल्मपासून पाऊच बनवणे, भरणे आणि सील करणे अशी तिन्ही कामे जेथे एकच उभे यंत्र करते, तेथे खालचे सील अजून गरम असतानाच त्याच्यावर वरून माल पडतो, त्यामुळे थंड झाल्यावरच्या बळापेक्षा या क्षणीचे बळ महत्त्वाचे ठरते. आंब्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. हापूसच्या सुगंधात टर्पिन वर्गातल्या द्रव्यांचा मोठा वाटा असतो, आणि पॉलिएथिलिन व पॉलिप्रोपिलिन ही दोन्ही प्लॅस्टिके टर्पिने शोषून घेतात. त्यामुळे वर्खाने हवा पूर्ण अडवली तरी काही सुगंध आतल्या थरातच जिरतो. सीलंटचा थर विनाकारण जाड न घेण्याचे हेही एक कारण आहे.

लोणच्याची अडचण याच्या उलट बाजूची आहे. त्यात तेल, मीठ आणि आम्ल तिन्ही एकत्र असल्यामुळे सूक्ष्मजीवांची चिंता कमी असते, पण ही तिन्ही द्रव्ये वेष्टनालाच पोखरतात. व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल आणि मसाल्यांतली उडनशील तेले पॉलिएथिलिनमधून हळूहळू पार होऊन वर्ख आणि सीलंट यांना जोडणाऱ्या गोंदापर्यंत पोहोचतात, आणि काही महिन्यांनी पाऊच बाहेरून अखंड असूनही आतून थर सुटू लागतात. म्हणून लोणच्यासाठी आम्लरोधक गोंद किंवा वर्खाऐवजी प्लॅस्टिकचाच अडथळा असलेली रचना घ्यावी लागते. तेल लागलेल्या तोंडातूनही जुळेल असा सीलंट येथे हवा असतो. आयनोमर नावाचे पॉलिएथिलिनवर्गीय प्लॅस्टिक, ज्यात धातूंच्या आयनांनी रेणूसाखळ्या एकमेकींशी बांधलेल्या असतात, या कामी विशेष चांगले ठरते, मात्र ते महाग असल्यामुळे सीलंटचा केवळ पातळ आतला पापुद्रा त्याचा ठेवतात.

चिवडा, चकली, बाकरवडी यांच्या बाबतीत सीलंटचे काम सोपे असते, परंतु अडथळ्याचे गणित कठोर असते आणि ते करून पाहण्यासारखे आहे. फिल्ममधून एका चौरस मीटरमधून दिवसाला किती ग्रॅम वाफ पार होते, हे माप ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता या ठरावीक परिस्थितीत काढतात. वीस सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद पाऊचच्या दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ ०.०८ चौरस मीटर भरते. समजा, त्यात २०० ग्रॅम चिवडा आहे आणि चार ग्रॅम पाणी शोषल्यावर तो मऊ पडतो. फिल्ममधून दिवसाला चौरस मीटरमागे पाच ग्रॅम वाफ जात असेल, जशी साध्या पॉलिप्रोपिलिनच्या २० मायक्रॉन फिल्ममधून साधारणपणे जाते, तर रोज ०.४ ग्रॅम पाणी आत येईल आणि चिवडा दहा दिवसांत मऊ पडेल. तीच फिल्म धातूचा अतिसूक्ष्म लेप दिलेली, म्हणजे मेटलाइज्ड असेल आणि तिचे माप एक ग्रॅमवर आले, तर मुदत पन्नास दिवस होते. खऱ्या गोदामातली हवा सहसा चाचणीइतकी दमट नसल्यामुळे प्रत्यक्षातली मुदत याहून जास्त निघते, पण पावसाळ्यातल्या कोकणासाठी माल पाठवणाऱ्याने हेच कठोर गणित धरावे हे उत्तम. तळलेल्या पदार्थांत तेलाचा खवटपणा प्राणवायूमुळे येतो, म्हणून पाऊचमध्ये नायट्रोजन भरतात. मात्र नायट्रोजन भरूनही प्राणवायू पार होऊ देणारी फिल्म वापरली, तर काही दिवसांत तो पुन्हा आत येतो आणि केलेला खर्च वाया जातो. साधे पॉलिप्रोपिलिन वाफेला बऱ्यापैकी अडवते पण प्राणवायूला जवळजवळ मोकळी वाट देते, याचा अनेकांना विसर पडतो.

वर्खालाही मर्यादा आहेत. नऊ मायक्रॉनच्या वर्खात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रे मुळातच असू शकतात, आणि पाऊच वारंवार दुमडला गेला, तर घडीच्या कोपऱ्यात नवी पडतात. शिवाय वर्ख पारदर्शक नाही आणि मायक्रोवेव्हला चालत नाही. त्याला पर्याय म्हणून इथिलिन व्हिनाइल अल्कोहोल या प्लॅस्टिकचा पातळ थर दोन थरांच्या मध्ये घातला जातो. कोरडे असताना हे प्लॅस्टिक प्राणवायूला उत्तम अडवते, पण ओले झाले की त्याची ही ताकद बरीच कमी होते आणि रिटॉर्टच्या वाफेतून बाहेर आल्यावर पूर्ववत होण्यास त्याला काही काळ लागतो. ट्रे किंवा कपात भरलेल्या जेवणासाठी ही रचना वापरतात, आणि तेथे झाकणाच्या फिल्मला निराळाच पेच सोडवावा लागतो : ती वाहतुकीत सुटता कामा नये, पण जेवणाऱ्याला हाताने सहज सोलता आली पाहिजे. त्यासाठी सीलंटमध्ये एकमेकांत नीट न मिसळणारी दोन प्लॅस्टिके मुद्दाम मिसळतात, म्हणजे ओढल्यावर तो थर ठरलेल्या बळाला आतूनच फाटतो. झाकण आणि ट्रे यांची आतली प्लॅस्टिके एकाच कुळातली असणे हा येथला पायाभूत नियम आहे. पॉलिप्रोपिलिनच्या ट्रेवर पॉलिएथिलिनचे झाकण नीट जुळत नाही.

अन्नाला टेकणाऱ्या थराबाबत सुरक्षिततेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. थर जोडणारा पॉलियुरेथेनचा गोंद पूर्णपणे पक्का होण्यास वेळ लागतो, आणि घाईने पाठवलेल्या लॅमिनेटमध्ये त्याचे न जुळलेले अंश किंवा द्रावकाचे अवशेष राहतात. ॲरोमॅटिक वर्गातले आयसोसायनेट वापरलेल्या गोंदातून उच्च तापमानाला आरोग्यास अपायकारक अमिने तयार होऊ शकत असल्याने रिटॉर्टसाठी ॲलिफॅटिक वर्गातले गोंद पसंत केले जातात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या पॅकेजिंगविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम आहे. फिल्म घेताना विक्रेत्याकडून या चाचणीचा अहवाल मागणे हा उत्पादकाचा हक्क आहे, आणि तो अहवाल त्याच रचनेचा आणि प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या तापमानाचा असला पाहिजे; पॉलिएथिलिनच्या साध्या पिशवीचा अहवाल रिटॉर्ट पाऊचसाठी कामाचा नाही. मुंबईत अंधेरीला असलेल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत सीलचे बळ आणि फिल्ममधून पार होणारी वाफ यांसारख्या गोष्टींच्या चाचण्या होतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लहान उत्पादकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही.

या सर्व रचनांचे एक मोठे ओझे म्हणजे त्यांचा कचरा. पॉलिएस्टर, वर्ख आणि पॉलिप्रोपिलिन एकदा गोंदाने जोडले गेले की वेगळे करणे व्यवहारात परवडत नाही, म्हणून वापरलेला पाऊच भंगारवालाही घेत नाही. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांत बहुस्तरीय वेष्टनाचा वेगळा प्रवर्ग केला आहे आणि उत्पादकांवर त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली आहे. त्यातून सगळे थर एकाच कुळातल्या प्लॅस्टिकचे ठेवण्याच्या प्रयत्नांना वेग आला : बाहेर ताण दिलेले पॉलिप्रोपिलिन, आत कास्ट पॉलिप्रोपिलिन, आणि दोहोंच्या मध्ये सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा काचेसारखा लेप. येथे पुन्हा सीलंटचाच प्रश्न पुढे येतो. जुन्या रचनेत बाहेरचे पॉलिएस्टर २५५ अंशांपर्यंत टिकत असल्याने जबडा हवा तितका तापवता येत असे, परंतु बाहेरचा थरही पॉलिप्रोपिलिनचाच झाला की त्याच्या आकसण्याआधी आतला थर वितळला पाहिजे, आणि मधली ही खिडकी थोड्याच अंशांची उरते. त्यासाठी कमी तापमानाला सील होणारी पण १२१ अंशांना न उघडणारी पॉलिप्रोपिलिनची सहबहुवारिके तयार केली जात आहेत. त्यांच्यासोबत जुने यंत्र चालवायचे, तर जबड्याच्या तापमानाचे नियंत्रण पूर्वीपेक्षा काटेकोर करावे लागते, यंत्राचा वेग थोडा कमी करावा लागतो, आणि नव्या फिल्मचा प्रत्येक रोल आल्यावर सीलचे बळ पुन्हा मोजून पाहावे लागते.